अल्पखर्चिक चित्रफीत-सर्व्हरची कार्यक्षमता : तुळिंज परिसरातील महाविद्यालयाच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : चित्रफीत प्रसारण, स्थानिक सर्व्हर, बिटदर, वाय-फाय, महाविद्यालयीन अध्यापन

प्रस्तावना

मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या काळात महाविद्यालयीन अध्यापन इंटरनेटवर गेले. प्राध्यापकांनी आपली व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित केली आणि त्यांचा मोठा संचय अनेक महाविद्यालयांकडे साठला. टाळेबंदी संपली, वर्ग भरू लागले. हा संचय मात्र कोणाच्या पेनड्राइव्हवर, कोणाच्या व्यक्तिगत यूट्यूब खात्यावर, तर कोणाच्या भ्रमणध्वनीत विखुरलेला राहिला. तो एकत्र करून महाविद्यालयाच्या आवारातच एका लहान सर्व्हरवर ठेवावा, म्हणजे विद्यार्थ्यांना स्वतःचा डेटा पॅक खर्च न करता तो पाहता येईल, असा विचार अनेक ठिकाणी मांडला जातो. विचार मांडला की पहिला प्रश्न येतो तो असा : एवढ्याशा यंत्रावर किती विद्यार्थी एकाच वेळी चित्रफीत पाहू शकतील?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन तुळिंज परिसराच्या संदर्भात केले आहे. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस पसरलेली ही वस्ती पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील अत्यंत दाट वस्त्यांपैकी एक आहे. चाळी, एका खोलीतील कुटुंबे आणि कामधंदा सांभाळून शिकणारे विद्यार्थी हे येथील वास्तव होय. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने एका व्याख्यानास किती मेगाबाइट लागतात ही तांत्रिक नव्हे, तर घरखर्चाची बाब ठरते. लेखातील आकडे हे मुख्यतः हिशेबाने काढलेले आहेत. वाचकांनी आपल्या महाविद्यालयाची परिस्थिती घालून तो हिशेब पुन्हा करावा अशी अपेक्षा आहे.

सर्व्हर नेमके काय करतो?

'स्ट्रीमिंग' हा शब्द ऐकला की काहीतरी अवजड, सतत चाललेली प्रक्रिया डोळ्यांसमोर येते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही समजूत बरोबर होती. त्या वेळच्या पद्धतीत सर्व्हरला प्रत्येक प्रेक्षकाशी स्वतंत्र संवाद चालू ठेवावा लागे, कोण कोठपर्यंत पोहोचला याची नोंद ठेवावी लागे आणि त्यासाठी खास सॉफ्टवेअर घ्यावे लागे. २००९ मध्ये अ‍ॅपल कंपनीने 'एचएलएस' ही पद्धत आणली आणि २०१२ मध्ये 'डॅश' हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. या दोन्ही पद्धतींत मूळ चित्रफितीचे काही सेकंदांचे लहान तुकडे करून साध्या वेब-सर्व्हरवर ठेवले जातात. पुढचा तुकडा केव्हा मागवायचा, कोणत्या दर्जाचा मागवायचा, हे सारे विद्यार्थ्याचा फोन ठरवितो. सर्व्हरने केवळ मागितलेली फाइल उचलून द्यावयाची असते. बुद्धी प्रेक्षकाच्या हाती गेली आणि सर्व्हर निव्वळ भांडारपाल उरला. अल्पखर्चिक यंत्र या कामास पुरते, त्याचे कारण येथेच आहे.

उदाहरण घेऊ. सेकंदाला ५०० किलोबिट या दराने तयार केलेल्या चित्रफितीचा सहा सेकंदांचा तुकडा ३७५ किलोबाइटचा होतो. ६० विद्यार्थी एकाच वेळी पाहत असतील, तर प्रत्येक जण सहा सेकंदांत एकदा मागणी करणार. म्हणजे सर्व्हरकडे सेकंदाला सरासरी १० मागण्या येणार आणि एकूण ३० मेगाबिट बाहेर जाणार. २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'एन्जिनएक्स'सारख्या वेब-सर्व्हरची रचनाच हजारो जोडण्या एकाच वेळी हाताळण्यासाठी केलेली आहे. त्याच्या दृष्टीने सेकंदाला १० मागण्या म्हणजे जवळजवळ विश्रांतीच होय.

मग लहान सर्व्हर अडतात ते का? बहुतेक वेळा उत्तर एकच असते : त्यांच्यावर त्यांचे नसलेले काम लादलेले असते. मूळ चित्रफितीचे रूपांतर कमी दर्जाच्या चित्रफितीत करणे, ज्यास ट्रान्सकोडिंग म्हणतात, हे प्रोसेसरला अतिशय जड जाणारे काम आहे. काही तयार सॉफ्टवेअर प्रेक्षकाने मागणी केली की त्याच क्षणी हे रूपांतर सुरू करतात. एक-दोन प्रेक्षकांच्या घरगुती वापरास ते ठीक आहे. वर्गाच्या वापरात मात्र तिसऱ्या-चौथ्या विद्यार्थ्यालाच लहान यंत्र मान टाकते. 'रास्पबेरी पाय ४' या २०१९ च्या यंत्रात रूपांतरासाठी स्वतंत्र परिपथ होता, तोही पूर्ण एचडी दर्जाचा जेमतेम एक प्रवाह हाताळणारा. २०२३ च्या 'पाय ५' मध्ये तर तो परिपथ काढूनच टाकला आहे. तेव्हा नवे व महाग यंत्र घेतले म्हणजे हा प्रश्न सुटेल असेही नाही. रूपांतर हे रात्री, सवडीने, एकदाच करून ठेवावयाचे काम आहे. 'एफएफएमपेग' हे मुक्त सॉफ्टवेअर त्यास पुरेसे असून ते प्रयोगशाळेतील कोणत्याही संगणकावर चालते.

बिटदराचा हिशेब

आजच्या साध्या भ्रमणध्वनीने पूर्ण एचडी दर्जाचे मुद्रण केले, तर ते सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट इतके येते. ४५ मिनिटांचे व्याख्यान या दराने पावणेसहा गिगाबाइटच्या आसपास जाते. हीच फाइल तशीच सर्व्हरवर ठेवली आणि सर्व्हरची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची असली, तर पाच विद्यार्थी कसेबसे पाहू शकतील. सहावा येताच सर्वांचेच चित्र अडखळू लागेल. तेच व्याख्यान ४८० ओळींच्या चित्रात, सेकंदाला ५०० किलोबिट या दराने रूपांतरित केले, तर ते सुमारे १६९ मेगाबाइटमध्ये बसते. चौतिसावा हिस्सा! पाचाऐवजी शंभराहून अधिक विद्यार्थी त्याच तारेवर सामावतात. सर्व्हरची कार्यक्षमता चौतीसपट वाढविणारे यंत्र बाजारात शोधण्यापेक्षा हे अधिक सोपे आहे.

एवढा कमी दर्जा विद्यार्थ्यांस चालेल काय, ही शंका रास्त आहे. २४ मार्च २०२० रोजी भारतातील प्रमुख चित्रफीत कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवरील ताण कमी करण्यासाठी आपले प्रसारण काही काळ ४८० ओळींपर्यंत मर्यादित ठेवण्याचे मान्य केले होते. चित्रपटांना जे चालले ते फळा व खडू यांना चालण्यास हरकत नसावी. व्याख्यानाच्या चित्रात हालचाल थोडी असते. दोन चित्रचौकटींत जो फरक असेल तेवढाच साठवावा, हे २००३ च्या एच.२६४ या मानकाचे मूलतत्त्व आहे. म्हणून स्थिर सरकचित्रांसाठी ५०० किलोबिटही अधिकच ठरतात. मात्र कॅमेरा हातात धरून मुद्रण केले तर चौकटीतील प्रत्येक बिंदू सतत हलतो आणि सारी काटकसर वाया जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत फलदायी खरेदी म्हणजे एक साधी तिपाई आणि गळ्यात अडकविण्याचा मायक्रोफोन. आवाज स्पष्ट असेल तर विद्यार्थी अंधुक चित्र सहन करतो, याचा अनुभव टाळेबंदीत आपणा सर्वांनाच आला आहे.

चित्राशिवाय केवळ आवाजाची फाइलही जोडीला ठेवावी. सेकंदाला ३२ किलोबिट या दराने ४५ मिनिटांचे व्याख्यान अवघ्या ११ मेगाबाइटमध्ये मावते. विरार लोकलच्या गर्दीत फोन डोळ्यांसमोर धरणे शक्य नसते. कानात आवाज मात्र चालू शकतो.

साठवण आणि मेमरी

४ गिगाबाइट मेमरीच्या सर्व्हरमध्ये सुमारे ३ गिगाबाइट जागा अलीकडे वाचलेल्या फाइलींसाठी मोकळी राहते आणि लिनक्स ती आपोआप वापरते. त्यात १६९ मेगाबाइटची सतरा व्याख्याने मावतात. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात विद्यार्थ्यांची मागणी मोजक्याच व्याख्यानांवर एकवटते. तेव्हा डिस्कला हातही न लावता सर्व काम मेमरीतून होते. याउलट सत्राच्या मध्यावर प्रत्येक जण वेगळ्या विषयाचे व्याख्यान पाहत असेल, तर फिरत्या हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष एका फाइलीवरून दुसऱ्या फाइलीकडे धावत राहते. प्रत्येक उडीस अंदाजे १० मिलिसेकंद धरले, तरी सेकंदाला दहा तुकड्यांसाठी ते पुरून उरते. एसएसडी असल्यास हा प्रश्नच उरत नाही. केवळ मेमरी कार्डावर विसंबणे मात्र टाळावे. तेथे अडचण वेगापेक्षा टिकाऊपणाची आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरील नोंदी बिघडतात.

खरा अडसर : हवा

आतापर्यंतचे विवेचन वाचून सर्व काही सोपे आहे असे वाटेल. सर्व्हरपुरते ते खरेही आहे. परंतु सर्व्हर आणि विद्यार्थी यांच्यामध्ये वाय-फाय असते, आणि तुळिंजसारख्या वस्तीत तेच निर्णायक ठरते.

वाय-फायमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो. त्यामुळे वाटून घ्यावयाची वस्तू वेग नसून वेळ असते, हे तत्त्व नीट लक्षात घ्यावयास हवे. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जवळ असलेल्या फोनला जुन्या पद्धतीच्या वाय-फायवर प्रत्यक्षात सेकंदाला २४ मेगाबिट मिळतात असे समजू. व्हरांड्याच्या टोकाला, दोन भिंतींपलीकडे असलेल्या फोनला ५ मेगाबिट. दोघांनाही चित्रफितीसाठी अर्धा मेगाबिटच हवा आहे. पहिला फोन हवेतील वेळेचा २ टक्के भाग घेतो, दुसरा १० टक्के. वर्गात जवळ बसलेले २० विद्यार्थी मिळून सुमारे ४२ टक्के वेळ वापरतात. मागाहून व्हरांड्यात उभे राहिलेले केवळ ६ जण ६० टक्के मागतात. बेरीज शंभराच्या वर गेली आणि सर्व २६ जणांचे चित्र थांबले. फ्रेंच संशोधक ह्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका संशोधन निबंधात हा दोष दाखवून दिला : एक मंद जोडणी साऱ्यांना आपल्या पातळीवर खेचते. नव्या उपकरणांत वेग वाढले आणि वेळेची वाटणीही काहीशी सुधारली आहे. मूळ अडचण मात्र तशीच आहे.

सर्व विद्यार्थी एकच व्याख्यान पाहत असतील, तर ते एकदाच प्रक्षेपित करून सर्वांनी झेलावे, असा पर्याय सुचतो. तारेवर तो उत्तम चालतो. वाय-फायवर मात्र सामूहिक प्रक्षेपण सामान्यतः सर्वांत कमी वेगाने केले जाते व त्याची पोचपावती घेतली जात नाही. त्यामुळे चित्रात भोके पडतात. तेव्हा या पर्यायाचा मोह टाळलेला बरा.

भर पडते ती शेजाऱ्यांची. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या अवघ्या तीन. दाट वस्तीत, जेथे जवळजवळ प्रत्येक इमारतीत केबलवाल्याचे राउटर लागलेले असतात, तेथे या तीन वाहिन्यांवर सतत गोंगाट चालू असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ इतकी रुंदी परवानामुक्त केली. या पट्ट्याच्या लहरी भिंतींतून फारशा पार जात नाहीत, हा एरवीचा दोष येथे गुण ठरतो. शेजाऱ्याचा गोंगाटही आत येत नाही. दोन वर्गखोल्यांमागे एक अ‍ॅक्सेस पॉइंट, प्रत्येकाला सर्व्हरपर्यंत तार, आणि प्रक्षेपणशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली, अशी रचना एका मोठ्या व शक्तिशाली उपकरणापेक्षा निश्चितच सरस होय.

याच पालघर जिल्ह्यात याच्या अगदी उलट परिस्थितीवर झालेले काम येथे नोंदविले पाहिजे. आयआयटी मुंबईतील प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' या प्रकल्पात खामलोली व आसपासच्या गावांना बिनतारी ब्रॉडबँड पुरविण्याचे प्रयोग केले. त्यांनी प्रथम दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या, पण न वापरल्या जाणाऱ्या लहरींचा उपयोग केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या असल्याचे त्यांच्या गटाच्या २०१४ च्या अभ्यासात आढळले होते. पुढे या प्रकल्पास २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिकही मिळाले. तेथे अंतर फार व लहरी मोकळ्या. तुळिंजमध्ये अंतर थोडे व लहरी गजबजलेल्या. उपाय भिन्न असले तरी अडचण दोन्हीकडे यंत्रात नसून मधल्या वाटेत होती, एवढे साम्य विचारात घेण्याजोगे आहे.

आवाराबाहेरचा विद्यार्थी

विद्यार्थी घरी गेल्यावर काय? येथे उत्साहाला आवर घालणे भाग आहे. महाविद्यालयाच्या जोडणीवर बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर ५०० किलोबिटच्या हिशेबाने जेमतेम ४० विद्यार्थी एका वेळी पाहू शकतील. कित्येक स्थानिक जोडण्यांवर तर महाविद्यालयास स्वतंत्र आयपी पत्ताच मिळत नाही. तो मागून, पैसे भरून घ्यावा लागतो. शिवाय तुळिंज रस्त्याच्या एका बाजूचे महाविद्यालय आणि दुसऱ्या बाजूची चाळ यांचे सेवादाते वेगळे असल्यास, व्याख्यान बहुधा मुंबईतील विनिमय केंद्राची वारी करूनच रस्ता ओलांडते. याउलट यूट्यूबसारख्या कंपन्यांनी अनेक सेवादात्यांच्या जाळ्यातच आपल्या फाइलींची साठवण ठेवलेली असते. घरबसल्या पाहणाऱ्यास ती अधिक सुरळीत दिसते, यात नवल नाही.

यास्तव घरच्या विद्यार्थ्यासाठी प्रसारणापेक्षा उतरवून घेण्याची सोय महत्त्वाची. १६९ मेगाबाइटचे व्याख्यान सेकंदाला २० मेगाबिटच्या वाय-फायवर ६८ सेकंदांत फोनमध्ये उतरते. दहा जणांनी एकदम उतरविले तरी बारा मिनिटांच्या आत सर्वांचे काम होते, आणि यात चित्र अडखळण्याचा प्रश्नच नाही. मधल्या सुटीत दिवसाची तीन व्याख्याने उतरवून विद्यार्थी लोकल पकडू शकतो. तंत्रज्ञांना हा मार्ग मागासलेला वाटतो. ज्याच्या घरात चौघांत एक फोन आहे त्याला तसा वाटणार नाही. 'कोलिब्री' हे २०१७ पासून उपलब्ध असलेले मुक्त सॉफ्टवेअर इंटरनेटविना चालणाऱ्या अशाच स्थानिक सर्व्हरसाठी रचलेले आहे.

या निमित्ताने दूरशिक्षणाचा मागील अनुभवही आठवावा. २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेल्या 'एज्युसॅट' उपग्रहाद्वारे आयआयटी मुंबईची व्याख्याने दूरच्या केंद्रांपर्यंत थेट पोहोचत होती. २०१० मध्ये त्या उपग्रहाची सेवा संपली. प्रक्षेपणाचे साधन दुसऱ्याच्या हाती असले की त्याचे आयुष्यही आपल्या हाती नसते. व्यापारी संकेतस्थळांवरील खात्यांनाही हे तितकेच लागू आहे.

मोजमाप कसे करावे?

सर्व्हर बसविल्यावर 'चालतो' एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये. सरासरी वेग हे फसवे परिमाण आहे. चित्र अडखळते ते सरासरीमुळे नव्हे, तर उशिरा आलेल्या एखाद्या तुकड्यामुळे. म्हणून सहा सेकंदांचा तुकडा पोहोचण्यास सहा सेकंदांहून अधिक वेळ किती वेळा लागला, हे मोजावे. विद्यार्थ्यांची संख्या १०, २०, ३० अशी वाढवीत न्यावी व प्रत्येक टप्प्यावर सर्वांत मंद पाच टक्के तुकड्यांचा वेळ टिपावा. रांगेच्या गणितातील एक साधे सूत्र येथे मार्गदर्शक ठरते : जोडणी निम्मी भरलेली असताना तुकड्यास जो वेळ लागतो तो रिकाम्या जोडणीच्या दुप्पट, ८० टक्के भरल्यावर पाचपट आणि ९० टक्के भरल्यावर दहापट. याचा अर्थ, जोडणीचा सुमारे ७० टक्क्यांपलीकडील भाग हिशेबात धरूच नये. १०० मेगाबिटच्या तारेवर ५०० किलोबिटचे २०० नव्हे, तर १४० विद्यार्थी मानावेत.

चाचणी दोनदा घ्यावी : एकदा तारेने जोडलेल्या संगणकांवरून, एकदा वाय-फायवरील फोनवरून. पहिलीत सर्व्हरची क्षमता कळते, दुसरीत हवेची. फरक दिसला की पैसा कोठे खर्चावा हे वेगळे सांगावे लागत नाही. सुरक्षित जोडणी वापरणार असल्यास तीही चाचणीत समाविष्ट करावी. 'पाय ४' व त्याआधीच्या यंत्रांत सांकेतिकीकरणाची खास सोय प्रोसेसरमध्ये नसल्याने तो भार वाढतो, 'पाय ५' मध्ये ती सोय आहे.

यंत्र, वीज आणि पावसाळा

रास्पबेरी पाय फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आला. आजच्या किमती यंत्रानुसार बदलतात, आणि डबी, एसएसडी, वीजपुरवठा धरता ते तितके स्वस्त उरत नाही. प्रयोगशाळेतून बाद केलेला, ४ गिगाबाइट मेमरीचा जुना संगणक लिनक्स टाकून हेच काम उत्तम करतो, खरेदी शून्य. प्रश्न विजेचा आहे. ६ वॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालविल्यास सुमारे ५३ युनिट लागतात, ८० वॅटच्या संगणकास ७०० युनिट. वीजदर घालून कोणते स्वस्त ते प्रत्येकाने ठरवावे. उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेला पाय ८० अंशांच्या पुढे आपला वेग आपोआप कमी करतो, म्हणून हवा खेळती हवी.

वीज गेल्यावरचा हिशेब अधिक बोलका आहे. १० जुलै २०१८ रोजी नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून लोकलसेवा बंद पडली आणि वसई-विरारच्या मोठ्या भागातील वीजही गेली. १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी क्षमता, म्हणजे ९०० वॅट-तास, जमेस धरू. लहान सर्व्हर, एक अ‍ॅक्सेस पॉइंट, स्विच आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खप मिळून ३५ वॅट होत असतील, तर आवारातील सेवा २५ तास चालते. जुन्या संगणकासह तीच मागणी ११० वॅटवर जाते आणि आठ तासांत बॅटरी संपते. अर्थात सर्व्हर तळमजल्यावर ठेवला असेल, तर हा हिशेब करण्याची वेळ येणार नाही. तो व बॅटरी दोन्ही पहिल्या मजल्यावर असावीत, आणि फाइलींची एक प्रत दुसऱ्या इमारतीत.